पहिला घोट

३ मार्च

दादा,

तुझं आमंत्रण मिळालं. तुझं म्हणजे तुझ्या सहीचं नाही, सभागृहाच्या सचिवबाईंचं. त्यासोबत एक कामही आलंय. नव्या सभागृहात शपथविधीसाठी तू जे पात्र भेट दिलंस, 'दिवंगत वडिलांची अखेरची कलाकृती', ते म्हणे उभंच राहत नाही. टेबलावर ठेवलं की आडवं होतं. तेव्हा त्याला उभं धरणारी एक बैठक ओतून हवी आहे, आणि आपल्या गावात ओतकामाची भट्टी आता एकच उरली आहे, ती माझी. मी तुझी बहीण आहे हे सचिवबाईंना माहीतच नव्हतं. फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे वा, सर कधी बोलले नाहीत." मी म्हटलं, ते फार कमी बोलतात. उचलली जीभ लावली टाळ्याला असं ज्याचं आयुष्य गेलं त्याच्याबद्दल मी हे म्हणाले. ऐकायला तू हवा होतास.

पात्र उभं राहत नाही, कारण ते उभं राहण्यासाठी केलेलंच नाही. ते आडवं ठेवायचं आहे. गादीवर, मांडीला टेकून. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दादा, ते बाबांचं लघवीचं भांडं आहे.

पुन्हा वाचायचं असेल तर वाच, मी थांबते.

बाबांची उजवी बाजू गेल्यावर ते मी त्यांच्यासाठी केलं. मेणात मी घडवलं, मी ओतलं, आतून कल्हई मी केली. बाबांनी ते शेवटपर्यंत वापरलं, आणि रिकामं करायचं काम आई करायची, आई दमली की मी. तुझ्या पुस्तकात त्याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्याच्या फोटोचं पोस्टर तुझ्या जिन्यात लावलंय असं वहिनी एकदा कौतुकाने सांगत होती.

हे पत्र मी आज पाठवणार नाही. कार्यक्रम बावीस तारखेला आहे. त्या दिवशी त्या पात्रातलं पाणी ओंजळीत घेऊन आधी तू पिणार, मग नवे सदस्य एकामागून एक पिणार आणि शपथ घेणार. हा विधीही तूच सुचवलास म्हणे. छान आहे. तू पी. तुझं पिऊन झालं की मी ही पत्रं एका पाकिटात घालून तुझ्या पत्त्यावर टाकीन. याला सूड म्हणतात. मला त्यासाठी गोड शब्द शोधत बसायचं नाही.

एक वाट मात्र मी उघडी ठेवली आहे. बाबा कसे गेले, हे तू मला आजवर एकदाही विचारलेलं नाहीस. तेव्हा विचारलं नाहीस, नंतरही नाही. बावीस तारखेच्या आत हा एवढा एक प्रश्न तू केलास, तर मी तुला सगळं सांगेन, भांडं घासूनपुसून आपल्या कपाटात ठेवीन आणि सभागृहाला दुसरं पात्र माझ्या हाताने ओतून देईन. कुणाला काही कळणार नाही. पण विचार म्हणून मी तुला सुचवणार नाही. तुझं तुला सुचायला हवं.

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

आज ते आलं. लाकडी पेटीत, आत मखमल, वर पांढऱ्या हातमोज्यांचा एक जोड. घेऊन आलेल्या माणसाने मला सांगितलं, मॅडम, उघड्या हाताने स्पर्श करू नका. मी हातमोजे घातले, सही केली, तो गेला, आणि मी हातमोजे काढून ठेवले.

भट्टीवाले काका चुन्याची डबी चाचपत आत आले. तू त्यांना विसरला नसशील, बाबांच्या वेळेपासूनचे आहेत. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि डबी खिशातच राहू दिली. मग म्हणाले, "हे साहेबांचं ते… ते नाही का गं?" मी म्हटलं, तेच. "मग मखमलीत कशाला?" मी त्यांना सभागृहाचं सांगितलं. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर आत येऊन मला म्हणाले की थोरल्याला फोन कर, हे बरं नव्हे. मी म्हटलं, काका, तुम्ही भट्टी बघा.

पेटीत तुझ्या सूचनांचा कागद होता. त्यात लिहिलंय, 'पात्राच्या आतला पांढरा थर कोणत्याही परिस्थितीत पुसू नये. तो या पात्राने झेललेल्या अर्पणांचा इतिहास आहे.' मी तो कागद काकांना मोठ्याने वाचून दाखवला आणि ते परत ओट्यावर गेले.

आता तू नीट ऐक, कारण हे भांडं कसं झालं ते तुझ्या प्रकरणात सगळं चुकलंय.

बाबांसाठी आम्ही आधी प्लास्टिकचं भांडं आणलं होतं, दुकानात मिळतं तसं. बाबांनी ते डाव्या हाताने भिरकावलं. बोलता येत नव्हतं, पण माणूस आयुष्यभर आकार घडवत आला होता, त्याला ते हिरवट डबडं अंगाला लागलेलं चालेना. दोन-तीनदा गादी भिजली. आई रडली, मी चिडले, बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग त्यांनी मला बोलावलं आणि डाव्या हाताने हवेत एक रेघ काढली. मान, पोट, आणि अंगठ्याची जागा. मला कळलं. आपल्या घरात न बोलता कुणाला कुणाचं इतकं कळलं नसेल.

मी मेण घेऊन खोलीत गेले. बापाच्या अशा जागेचं माप मुलीने घ्यायचं म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही. आईने चादर धरली. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी बघून न बघितल्यासारखं करत मेण दाबत गेले. एका बाजूने पोट सपाट केलं, म्हणजे ते गादीवर कलंडणार नाही. तोंड रुंद आणि तिरकं केलं, कारण त्यांना कुशीवर वळता यायचं नाही. कान एकच, डावीकडे, त्यांचा अंगठा बसेल एवढा. पहिलं ओतलं ते जड झालं, भरल्यावर त्यांना उचलेना. दुसऱ्या खेपेला भिंत इतकी पातळ धरली की काका म्हणाले ओतताना फाटणार. फाटलं नाही. माझ्या हातून तितकं पातळ काम आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

आणि तू काय लिहिलंस? सपाट पोट, कारण 'हे पात्र उभ्या माणसासाठी नाही, ते भूमीला शरण जातं.' डावा कान, कारण 'डावा हात हा निरोपाचा हात.' रुंद तोंड, कारण 'हे देणारं पात्र नाही, स्वीकारणारं आहे.' हे शेवटचं मात्र अगदी खरं आहे. कानावर अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा तुला दिसली, तेही लिहिलंस, की 'जणू पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी.' एकाच माणसाचा अंगठा होता तो. रात्रंदिवस तो कान धरून बसायचे. भांडं दूर गेलं की घाबरायचे.

अरे, नजर तुझी तेज आहे, हे मी नाकारत नाही. एकेक खूण तू बरोबर हेरलीस. फक्त अर्थ लावताना समोरचा माणूस विसरलास.


१४ मार्च

दादा,

तू आज फोन केलास. चार वर्षांत पहिल्यांदा. भट्टीवर ओतकाम चालू होतं, काकांनी फोन आणून दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला खरंच वाटलं, विचारणार. हातात वितळलेल्या धातूच्या मुशीची पकड होती, ती मी काकांना दिली.

तू म्हणालास, "बैठकीची उंची दोन बोटं वाढव. मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, वाढवते. मग मी म्हटलं, अजून काही विचारायचंय? एवढा इशारा मी दिला, द्यायचा नाही असं ठरवूनही दिला. तू म्हणालास की हो, आतला थर कुणी पुसला तर नाही ना. मी म्हटलं, नाही, जसाच्या तसा आहे. तू 'छान' म्हणालास. तुझ्याकडे राहणाऱ्या आईबद्दल बोललास, तिचे गुडघे दुखतात, पण कार्यक्रमाला येणार म्हणून खुशीत आहे. आणि ठेवलास.

काकांनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, दोन बोटं.

वस्तू लोकांपुढे कशी मिरवावी याची ही जाण लहानपणीच तुझ्यात कुठून आली त्याचा मी खूप विचार करते. बाबांच्या कारखान्यात तेव्हा घंटा यायच्या, मिरवणुकीचे दंड यायचे, संस्थांची मानचिन्हं, शपथेच्या वाट्या, काय काय यायचं. तू ती हातात घेऊन चालून बघायचास. जड दंड घेतला की माणसाची चाल आपोआप संथ होते, हे तू मला दाखवलंस. बूड नसलेली वाटी खाली ठेवता येत नाही, म्हणून ती धरणाऱ्याला पाणी संपेपर्यंत गप्प उभं राहावं लागतं, हेही तूच दाखवलंस. वस्तू माणसाकडून नमस्कार करून घेते, असं तू म्हणायचास. तेव्हा तू किती लहान होतास. मी तोंडाचा आ करून ऐकायची. यात तुझी बरोबरी करणारा माणूस मला आजही भेटलेला नाही, आणि हे लिहिताना मला तुझा आणखीच राग येतोय.

जुने मेणाचे नमुने बाबा वितळवायला काढत, तेव्हा तू त्यांचा निरोप समारंभ करायचास. तू भाषण करायचास. नमुन्यांचं ताट मी धरायची. हात भरून येईपर्यंत धरायची, कारण तुझं भाषण लांबायचं.

आता रागाचं सांगते. भांडं तू नेलंस त्याचा राग नाही. तू ते बाबांचं काम म्हणून दाखवलंस, माझं नाव घेतलं नाहीस, त्याचाही नाही. तुला माहीतच नव्हतं ते माझं आहे, तर नाव कुठून घेणार. राग आहे तो त्या रेडिओवरच्या मुलाखतीचा. मी इथे कानस चालवत होते, काकांनी आवाज मोठा केला. तू म्हणालास, "शेवटच्या दिवसांत मी बाबांच्या उशाशी होतो. एका पहाटे त्यांनी थरथरत्या हाताने हे पात्र माझ्या ओंजळीत ठेवलं." मग तू थांबलास. तुझा आवाज दाटून आला. मुलाखत घेणारीचाही दाटून आला.

कुठली पहाट, दादा? तू तेव्हा परदेशात तुझ्या शिल्पांच्या प्रदर्शनाला होतास. बाबांची उजवी बाजू गेली तेव्हा तुला कळवलं, तू फुलं पाठवलीस. ते गिळेनासे झाले तेव्हा कळवलं, तू म्हणालास प्रदर्शन संपू दे. आलास तेव्हा सगळं उरकलं होतं आणि खोली धुऊन झाली होती. त्यांच्या उशाशी मी होते. ती माझी जागा होती आणि तू ती रेडिओवर बसल्या बसल्या घेतलीस. भांड्यांचं काय, मी शंभर ओतीन. ती जागा कुठून ओतणार?

तेव्हापासून माझं ठरलंय. तू पी.

बैठक दोन बोटं वाढवली आहे. काम चोख झालंय. मुद्दाम चोख केलंय, म्हणजे मागच्या रांगेतूनही दिसेल.


२० मार्च

दादा,

पात्र आणि बैठक काल पोचवली. आज सचिवबाईंनी कार्यक्रमपत्रिका पाठवली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. स्वागत, दीपप्रज्वलन, तुझं मनोगत, आणि मग, 'पहिला घोट: पात्र भेट देणाऱ्या शिल्पकारांच्या मातोश्री.'

तुझ्याऐवजी आई.

मी सचिवबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की सरांचाच आग्रह, ते म्हणाले माझ्याआधी माझ्या आईचा मान. सगळ्यांना फार आवडलं. मी विचारलं, पात्र एकदा माझ्याकडे पाठवाल का, बैठकीत बसतंय का ते पुन्हा बघते. त्या म्हणाल्या आता ते काचेत ठेवलंय, पहारा आहे.

मग वहिनीला फोन लावला. तुम्ही विश्रामगृहावर पोचला होतात. वहिनी म्हणाली आई झोपल्यात, प्रवासाने दमल्यात, उद्या पाहुणे आहेत, काही निरोप आहे का. मी काय निरोप देणार होते वहिनीजवळ? म्हटलं काही नाही, औषधं वेळेवर द्या.

मी थर पुसला नाही, दादा. आम्लात एक बोळा बुडवून दोन मिनिटांत निघाला असता. पेटी इथे माझ्या टेबलावर होती आणि मी रोज त्यात बघत होते आणि पुसत नव्हते, कारण तो तुझ्यासाठी ठेवला होता. माझा नेम चुकला नव्हता. तू आईला मध्ये उभी केलीस.

तुला आत्ता फोन करून सांगता येईल, हे मला कळतं. काकाही तेच म्हणतात. फोन हातात घेऊन बसले आहे. पण तुला सांगायचं म्हणजे तुला वाचवायचं. मी तुला वाचवणार नाही. आईला मी परवा लवकर जाऊन गाठीन, तिच्या कानात सांगेन, तब्येतीचं काहीतरी निमित्त करून ती बाजूला होईल. मग पहिला घोट तुझाच.


२३ मार्च

दादा,

काल मी लवकर गेले. रंगमंचामागच्या त्या खोलीत आई खुर्चीत बसली होती, नवं पातळ, केस नीट विंचरलेले. वहिनी तिच्या पायात चपला सरकवत होती. मी वहिनीला म्हटलं जरा चहाचं बघता का, आणि ती गेल्यावर दार लोटून घेतलं. तुला माहीत नसणार, कारण तू बाहेर फोटो काढून घेत होतास.

आईने माझे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. भाजल्याचे डाग मोजायची तिची जुनी सवय. किती बारीक झालीस म्हणाली. मी म्हटलं, "आई, वेळ नाही. त्या भांड्यातलं पाणी तू पिऊ नकोस. चक्कर येतेय म्हण, काहीही म्हण. ते भांडं कुठलं आहे माहितीये का तुला?"

"मला काय सांगतेस," ती म्हणाली. "रोज मीच तर रिकामं करत होते."

दादा, तिला पहिल्यापासून माहीत होतं. तुझं पुस्तक आलं तेव्हा, जिन्यात पोस्टर लागलं तेव्हा, रेडिओवर तू बोललास तेव्हा. ती तुझ्या घरात रोज त्या पोस्टरखालून वरखाली करत होती.

मी विचारलं, मग तू त्याला ते दिलंसच कशाला. तेव्हा तिने सांगितलं. तू आलास त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मी कारखान्यात होते, काका आणि मी भट्टी विझवत होतो. तू बाबांच्या खोलीत गेलास. भांडं खिडकीत धुऊन पालथं घातलं होतं. तू ते उचललंस, दोन्ही हातांत धरलंस आणि हमसून हमसून रडायला लागलास. आल्यापासून तुझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, ते तेव्हा निघालं. तू विचारलंस, हे बाबांचं? आई हो म्हणाली. तू विचारलंस, शेवटचं? ती हो म्हणाली.

"रडणाऱ्या पोराला काय सांगायचं होतं मी," आई मला म्हणाली, "ते खाली ठेव आणि हात धू म्हणून?"

मी म्हटलं, ते मी केलं होतं, मला तरी विचारायचंस. तर म्हणाली, तू काय, तू दुसरं केलं असतंस.

बाहेर वाद्यं सुरू झाली. मी तिला म्हटलं की झालं ते झालं, आता निदान पिऊ नकोस, त्याला पिऊ दे. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मनात काय आहे ते तिला तेव्हा कळलं असावं, कारण माझे हात तिने सोडून दिले.

"एवढ्या लोकांत त्याने पुढे केलेला हात मी परत फिरवू?" ती म्हणाली. "आणि मला कसली गं किळस? त्यांचंच तर आहे ते."

वहिनी चहा घेऊन आली. आई उठली. दाराशी थांबून तिने मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं. त्याला सहन नाही व्हायचं. तुझं तसं नाही, तुला सगळं सहन होतं."

मग मी जाऊन बसले. पुढचं तू पाहिलंसच, पण मी कुठून पाहिलं ते तुला सांगते. मी मागच्या रांगेत होते. सगळं स्वच्छ दिसत होतं. तू मनोगतात पुन्हा उशाशी बसलास, पुन्हा ती पहाट आणलीस, आणि या वेळी बाबा तुझ्याशी दोन शब्द बोललेही. दोन वर्षं ज्या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नाही तो तुझ्यासाठी बोलला. शेजारची बाई डोळे पुसत होती. मग तू पात्र उचललंस, डाव्या हाताने. तुझा अंगठा बरोबर बाबांच्या अंगठ्याच्या जागी बसला. हाताची ठेवण तीच आहे तुझी. त्या क्षणी मला तुझी दया आली असती, आईने ओंजळ पुढे केली नसती तर.

तिने पाणी घेतलं. भरसभेत तिने आधी मला शोधलं, मागच्या रांगेपर्यंत, आणि मग प्यायली. हळू, थेंबही न सांडता. मग तोंडावरून हात फिरवला आणि तुझ्याकडे बघून हसली. टाळ्या पडल्या. त्यानंतर तू डोळे मिटून प्यायलास, मग सदस्य. एक वयस्क सदस्य माइकमध्ये म्हणाले की या पाण्याला काही वेगळीच चव आहे, मन शुद्ध झाल्यासारखं वाटतं. या वाक्यासाठी मी तीन आठवडे जगले होते. सगळं माझ्या मनासारखं घडत होतं, आणि मला हसू येईना. मी तुझ्याकडे बघतच नव्हते. मी आईकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, माझ्यासाठी तू कधी काय प्यायलीस?

आज सकाळी काकांनी ही पत्रं टेबलावर पाहिली. म्हणाले, जाळ ही, झाकली मूठ सव्वा लाखाची, तुझ्या आईने एवढं केलं त्याचं पाणी करू नकोस. आईचंही तेच म्हणणं. आजवर मी आईचं सगळं ऐकलं. बाबांना मी बघायचं म्हणाली, मी पाहिलं. भट्टी बंद नको म्हणाली, मी चालवली. तुझ्याकडे राहायला जाते म्हणाली, मी तिची पिशवी भरून दिली. माझं लग्न, माझं काम, माझी शिल्पं, सगळं बाजूला सरकलं ते या एका समजुतीवर, की मला सहन होतं. नाही होत, दादा. कधीच होत नव्हतं. कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही.

तेव्हा पाकीट मी पाठवते आहे. भांडं कुठलं हे कळून तुला मळमळेल, तेवढंच मला सुरुवातीला हवं होतं. आता तेवढ्याने भागत नाही. तुला हेही कळायला हवं की आईला माहीत होतं आणि ती प्यायली. तुझी पहाट खोटी पडू नये म्हणून प्यायली. यापुढे तिच्याशी बोलताना, तिच्या हातचं खाताना, जिन्यातून उतरताना तुला ते माहीत असेल. सभागृहाला मी काही कळवणार नाही. ते पात्र तिथेच राहील, दर शपथविधीला तुला बोलावणं येईल, आणि तुला जावं लागेल. नाही गेलास तर का नाही गेलास ते सांगावं लागेल.

बाबा कसे गेले ते या पत्रांत कुठेच लिहिलेलं नाही. शोधू नकोस.

आई म्हणते तुला सहन होणार नाही. मला ते बघायचं आहे.

तुझी बहीण